सातच्या मालिकेतला पाहुणा

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती तर शेवट तरी धड केला असता.

ज्या तनयाच्या बाबतीत हे घडलं, ती माझी मावसबहीण. खोपोलीच्या एका कारखान्यात लॅबमध्ये काम करते. भुताखेतांच्या गोष्टींना नाक मुरडणारी. गेल्या मार्गशीर्षातली संध्याकाळ. ठिकाण कर्जत, दहिवलीकडच्या एका इमारतीचा दुसरा मजला. घर तिच्या शैलाआत्याचं.

आईवडील गेल्यावर आत्यानंच तनयाला वाढवलं. जगात हक्काचं माणूस म्हणाल तर तेवढंच. आत्या शाळेत विज्ञान शिकवायची. आता निवृत्त. आणि तात्या, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून अगदी एकटी.

सुरुवात झाली वनिताच्या फोननं. वनिता आत्याकडे धुण्याभांड्याला यायची.

"ताई, रागावू नका, पन बाईंकडं संध्याकाळचं कोन येतं वो?"

"कोण येणार?"

"मला काय ठावं? रोज सकाळी मोरीत दोन कप असतात. इचारलं तर नुसत्या हसतात."

तनयाचं डोकं लगेच भलतीकडे धावलं. एकटी बाई, स्वतःचं घर... कुणीतरी गोडबोल्या चिकटला असणार! तिनं स्कूटर काढली आणि थेट कर्जत गाठलं.

आत्याला कोण आनंद झाला. तनयानं मात्र आधी दाराशी बघितलं, मग आतल्या खोलीत. परकी चप्पल नाही, सिगारेटचा वास नाही.

कुणीच नव्हतं.

सातला आत्यानं टीव्ही लावला. ती अंतराळयानाची मालिका... नाव मुद्दाम सांगत नाही, उगाच कुणीतरी लावून बघायचं. त्यातला कप्तान पृथ्वीवर औषध घेऊन निघालेला असतो. यानातली हवा संपत येते. मग तो झोपलेल्या सोबत्यांच्या हवेच्या नळ्या स्वतःच्या हातानं बंद करतो. त्यानंतर भागामागून भाग तो एकटा. रिकाम्या खुर्च्यांशी बोलणारा.

त्याचं बरोबर की चूक, यावरून घराघरात वाद. तनयाचं मत ठाम होतं. खुनी आहे मेला.

आत्या पडद्याकडे बघून मान डोलवत होती. समोर कुणी बसून बोलतंय तशी.

मग तिनं चहा आणला... दोन कप. तनया घेत नाही चहा. आत्याला ते पक्कं ठाऊक.

"हा दुसरा कुणाला?"

"त्याला गं. रोज भाग संपताना 'निघतो' म्हणायचा. मी एकदा रागावलेच. म्हटलं, निघतो म्हणू नये, येतो म्हणावं. दुसऱ्या दिवशी..."

"दुसऱ्या दिवशी काय?"

"'येतो' म्हणाला."

आपण सगळेच असं सांगतो हो. पोरांना सांगतो, पाहुण्यांना सांगतो. पण कुणाला सांगावं याला काही धरबंध?

तनया हसली. ते हसू फार टिकलं नाही.

हुस्स... हुस्स...

कप्तानाच्या मास्कमधला श्वास. तनयाला त्या आवाजाची चीड आली. तिनं रिमोट उचलून टीव्ही बंद केला. पडदा काळा झाला.

हुस्स... हुस्स...

आत्याला दमा होता. तिचाच असणार, असं म्हणून तनयानं तिच्या पाठीला कान लावला. आत्याचा श्वास अगदी साफ चालला होता. तनयानं स्वतःचा श्वास रोखून पाहिला.

तरी येतच होता. तात्यांच्या वेताच्या खुर्चीतून.

वेत करकरला... जड माणूस बसल्या जागी सावरून बसावा तसा. आणि दुसऱ्या कपावरची वाफ त्या खुर्चीकडे वळली.

"आत्या, पिशवी भर. आत्ताच्या आत्ता खोपोलीला चल."

आत्या हलली नाही.

"त्यानं मला एवढंच विचारलं, मी चुकलो का? सगळे त्याला खुनी म्हणतात. मी म्हटलं, नाही चुकलास. सगळे मरण्यापेक्षा एक पोचलेला बरा. तेव्हापासून तो थांबतो थोडा वेळ. घर खायला उठायचं गं मला. आणि तू... तू येतेस महिन्यातून एकदा."

तनयाला ते फार लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं.

खोलीतली हवा जड झाली. खिडकी उघडी होती. खालून रिक्षांचे आवाज येत होते... ते येईनासे झाले. तनयाच्या छातीवर कुणी तांदळाचं पोतं ठेवल्यासारखं झालं. तिनं तोंड उघडलं, पण श्वास आत जाईना.

आत्या खुर्चीकडे कान देऊन ऐकत होती. तिचा चेहरा उतरला.

"काय... म्हणतोय?" तनयानं कसंबसं विचारलं. आपण हे विचारतोय याचंच तिला नवल वाटलं.

"म्हणतोय, इथली हवा दोघांपुरतीच आहे."

आत्या उठली. तिनं तनयाचा दंड धरला. साठी उलटलेल्या बाईचा तो जोर नव्हता. तनयाला फरफटत दाराबाहेर ढकललं आणि आतून कडी घातली.

जिन्यात तनयाला श्वास आला. तिनं दार बडवलं, ओरडली, रडली. शेजारचे धावत आले. शेवटी दार उघडलं... साखळीपुरतं. आत आत्या हसत उभी.

"अगं, काही नाही झालेलं. जा तू. सावकाश जा."

त्याला आता वर्ष होत आलं. वनितानं काम सोडलं. "बाई चांगल्या हायेत वो," म्हणते, "पन भांडी दारातच आनून द्यायच्या. आत पाऊल टाकू देत नव्हत्या."

आत्या ठणठणीत आहे. दम्याचा पंप लागत नाही. स्वतःहून फोन करत नाही. तनया आता दर रविवारी जाते, दाराच्या फटीतून डबा देते. आत्या डबा घेते, चौकशी करते. आत ये म्हणत नाही.

परवा तनया माझ्याकडे आली होती. म्हणाली, "त्या दिवशी आत्यानं मला वाचवायला बाहेर काढलं, की त्याला ठेवून घ्यायला?"

मी म्हटलं, "तिलाच विचारायचं होतंस."

"विचारलं ना."

"मग?"

"आत्यानं मागे वळून पाहिलं," तनया म्हणाली. "आणि दार लावून घेतलं."