दीर्घ ऊ

पस्तीस वर्षं मी मुलांना खरं बोलायला शिकवलं. या वयात तुम्हाला थापा मारून मला काय मिळणार? तरी विश्वास ठेवाच, असं म्हणणार नाही. जे झालं ते, झालं त्या क्रमाने सांगते.

गेल्या वर्षीची गोष्ट. मंगळवार. दुपारचे चार. आमच्या घरातली पुढची खोली. बाहेर लख्ख ऊन.

निवृत्त झाल्यापासून शेजारची तीन मुलं माझ्याकडे शिकायला येतात. त्या दिवशी श्रुतलेखन होतं. मी वाक्य सांगितलं, "आजोबा बागेत बसले आहेत."

पेन्सिली चालल्या. थांबल्या.

एक मात्र चालतच राहिली...

ती टिल्लीची. तिघांत सगळ्यात लहान, पण अक्षर मोत्यासारखं. मी वही पाहिली. माझ्या वाक्याखाली तिने लिहिलं होतं,

'ऊद्या चारला येतो.'

"हे कुणी सांगितलं गं तुला?"

"तुमच्या मागच्या काकांनी."

माझ्या मागे पुस्तकांचं कपाट होतं. आणि भिंत.

"बरं. पण उद्यातला उ ऱ्हस्व ना?"

"मी तेच म्हटलं, बाई! तर ते म्हणाले, उद्या लांब असतो, म्हणून दीर्घ."



हे वाक्य एकच माणूस म्हणायचा. त्याला जाऊन एकतीस वर्षं झाली होती.

आमच्या शाळेची पुस्तकं बांधायला एक बाइंडर येत असे. शिक्षण अर्धवट राहिलेलं, म्हणून मधल्या सुट्टीत मी त्याला लिहायला शिकवायची. सगळं शिकला, पण 'उद्या' कायम चुकवायचा. मी लाल गोल केला की हसून तेच उत्तर द्यायचा.

माझी धाकटी बहीण मला डबा द्यायला शाळेत यायची. पुढे पुढे ती डबा देऊनही लवकर जाईना. कळलं मला. आनंदही झाला.

एक दिवस त्याने घडी घातलेली चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. "बाई, तिला द्या."

मी ती देण्याआधीच बाबांनी पाहिली.

"हा चिकटवाचिकटवी करणारा माझ्या मुलीला काय, खळ खायला घालणार?" एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी पहाटेच बहिणीला आत्याकडे पाठवलं. चिठ्ठी माझ्या हातात परत देऊन म्हणाले, "फाडून टाक. तू काही पाहिलं नाहीस."

त्या दुपारी चार वाजता दार वाजलं. टक टक... टक. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर बोटाने वाजवावं तसं. ती त्याची सवय.

मी आतून कडी धरून उभी राहिले.

तीन आठवड्यांनी तो ज्या गाडीने गाव सोडून चालला होता, ती उलटली.

बहीण परत आली. लग्न केलं नाही. माझ्याबरोबरच राहिली. "एक शब्द तरी लिहायचा होता गं त्याने," एवढंच म्हणत आली.

चिठ्ठी फाडायचा मला धीर झाला नाही. द्यायचाही नाही. त्यानेच बांधलेल्या माझ्या शब्दकोशाच्या पुठ्ठ्यात, आतल्या कागदाखाली, ती मी चिकटवून टाकली होती.

बुधवारी मी मुलांना सुट्टी दिली.

साडेतीनपासून वास यायला लागला... शिजवलेल्या खळीचा. आंबूस, ओला. त्याच्या हातांना यायचा तो.

बरोबर चारला...

टक टक... टक.

"ताई, दार वाजतंय," बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली. "कानात बोळे घातलेस का?"

"उघडू नकोस. आधी इकडे ये."

मी शब्दकोश काढला. पट्टीच्या कडेने पुठ्ठ्यावरचा कागद फाडला. चिठ्ठी तिच्या हातात दिली. सगळं सांगितलं. कडी धरल्याचंसुद्धा.

'ऊद्या चारला येतो. तयार राहा.'

ती किती वेळ वाचत होती, कोण जाणे. मग फुटकन हसली. "मेल्याने दीर्घच काढलाय!" आणि हसता हसताच ती रडायला लागली.

"एक शब्द तरी, एक शब्द तरी, म्हणत रडले मी. आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस, ताई?"

 

टक टक... टक.

तिने डोळे पुसले. केस सारखे केले. "सरक. या वेळी मी उघडते."

मी बसले होते तिथून चौकट दिसत होती. चौकटीत नुसतं ऊन. कुणीही नव्हतं.

ती मात्र बोलत होती. हळू आवाजात. मध्येच थांबत होती, समोरच्याचं ऐकून घ्यावं तशी. एकदा हसलीसुद्धा. ते हसू मी एकतीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

शेवटी म्हणाली, "नीट जा." आणि दार लावलं.

खळीचा वास गेला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"माझं माझ्यापाशी. तुला निरोप आहे. बाईंच्या शब्दकोशाचा पुठ्ठा फाटला, म्हणाला. नीट करून द्यायला येतो, म्हणाला."

"कधी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. टोमणाही नव्हता. फक्त पहिलं अक्षर तिने लांबवलं.

"ऊद्या."

त्यानंतर बहीण बदलली. शांत झोपते. भांडी घासताना गुणगुणते. चिठ्ठी उशाशी असते. माझ्याशी पूर्वीसारखं बोलते, कधी कधी पूर्वीपेक्षा मायेने. तिने मला माफ केलं असेल. मी विचारलेलं नाही.

त्याने केलं का, ते कळायचं आहे.

वर्षभर मी रोज चारला फाटका शब्दकोश टेबलावर काढून ठेवते. कुणी आलेलं नाही. उद्या लांब असतो.

पण आज मुलं सकाळीच आली होती. श्रुतलेखन झालं. टिल्लीच्या वहीत शेवटी एक शब्द जास्तीचा होता. मी सांगितलेला नव्हता.

'आज.'

त्यात चुकायला जागाच नसते.

आता पावणेचार होतायत. वास यायला लागलाय...

या वेळी मी कडी काढून ठेवली आहे.