डावीकडची खुर्ची

पियानोच्या पोटात आम्ही विजेचा एक बारका दिवा पेटता ठेवतो. वसईची हवा दमट. ऊब मिळाली नाही की आतल्या हातोड्यांवरची लोकर फुगते आणि सूर बसतात. तो दिवा गेला होता, म्हणून अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात एका दुपारी नवा दिवा घेऊन मी चर्चमागच्या हॉलवर निघाले. जेवून आडवं व्हायचं सोडून उन्हात रिक्षा शोधत होते, त्यामुळे आधीच चिडलेली.

चिडायला आणखीही कारण होतं. विस्मरणात गेलेलं संगीत वाजवण्यात मी उभी हयात घालवली. लोकांना ओळखीचं हवं असतं. मी मुंबईतल्या हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्यांना न ऐकलेलं ऐकवत राहिले. त्यातही जिवापाड जपले ते आमच्याच चर्चच्या गायकवृंदाचे जुने कॉयर मास्तर. माझ्या जन्माआधीच वारलेले. त्यांच्या रचना मी माळ्यावरच्या वाळवीतून बाहेर काढल्या आणि एकाच विद्यार्थ्याला शिकवल्या, वॉल्टरला. त्या दिवशी पेपरात वॉल्टरची मुलाखत आली होती. मास्तरांच्या रचना त्याला म्हणे रद्दीत सापडल्या! माझं नाव औषधालाही नव्हतं.

आता खोटं वाटेल तुम्हाला, पण सांगते. मास्तर यायचे. मी एकटी वाजवत असले की आधी डांबरगोळ्यांचा वास यायचा, पेटीतल्या जुन्या कोटाला येतो तसा. मग पानाच्या शेवटी मी मान हलवली की पान उलटायचं. कार्यक्रमात पान उलटणारा वादकाच्या डावीकडे बसतो, म्हणून तिथे मी कायम एक खुर्ची मांडायचे. भीती कधी वाटली नाही. नवरा नाही, मूल नाही. एक जण तरी आपला आहे, एवढंच वाटायचं.

हॉलचं दार नुसतं लोटलेलं होतं. वीज गेलेली, खिडक्या बंद, आत कोंदट अंधार. पियानोवर एक मेणबत्ती लावून वॉल्टर बसला होता, मास्तरांचीच रचना वाजवत.

"रद्दीत सापडलं का रे, वॉल्टर?" मी दारातूनच विचारलं.

त्याचे हात थांबले नाहीत. "सॉरी, मिस. पेपरवाल्यांना स्टोरी पाहिजे असते. आणि तुम्ही आता थोडंच स्टेजवर येणार?"

इतक्या सहज म्हणाला की मला रडूच आलं. आणि तेवढ्यात तो वास आला.

वॉल्टरने मान हलवली. पान उलटलं.

वॉल्टर लबाड निघाला, ठीक आहे; चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते. पण मास्तर? ज्यांच्यासाठी जन्म काढला, ते त्याच्याजवळ जाऊन बसले? माझ्या वेळी पान जरा अडखळायचं. इथे कसं अलगद उलटलं!

"थँक्यू, मिस," मागे न बघता वॉल्टर म्हणाला. "एकदम बरोबर टायमाला उलटता तुम्ही."

मी दारातच होते. आमच्या मध्ये अख्खा हॉल होता.

रचना संपली. तो उठायला गेला आणि अर्ध्यातूनच खाली बसला.

"मिस... हात काढा ना खांद्यावरचा."

मी निम्मा हॉल ओलांडून पुढे गेले.

"जड होतोय, मिस... उठता येत नाय..."

त्याच्या पांढऱ्या शर्टाचं कापड डाव्या खांद्यावर दबलेलं मला दिसलं. पाच ठिकाणी. इतक्या वर्षांत मास्तरांनी माझ्या खांद्यावर एकदाही हात ठेवला नव्हता. त्या क्षणी भीती वाटायला हवी होती. मला वाटला तो हेवा.

"मास्तर... मी इझाबेल," मी म्हटलं.

कोणी वळलं नाही. पानं एकेक करत मागे उलटली, पहिलं पान वर आलं, आणि वॉल्टर हुंदके देत पुन्हा वाजवू लागला.

तेव्हापासून मास्तर माझ्याकडे आलेले नाहीत. वॉल्टरचं मोठं नाव झालंय. पान उलटायला माणूस नको, असं तो आयोजकांना आधीच कळवतो म्हणे. परवा त्याच्या कार्यक्रमाचं पोस्टर पाहिलं. त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगलाच खाली उतरलाय. गेल्या वर्षीच्या पोस्टरवर एवढा नव्हता.