बसायची परवानगी

मास्तरची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझी चप्पल माझ्या हातात होती.

कपड्यांच्या त्या तीन मजली दुकानात आम्ही बारा जणी विक्रीला होतो. सकाळी दहा ते संध्याकाळी सात, उभ्याने. गिऱ्हाईक असो वा नसो, बसायचं नाही, हा मॅनेजरसाहेबांचा नियम. त्या दुपारी एकाची पॅन्ट उंचीला कमी करायची होती, म्हणून मी पोटमाळ्यावर निघाले. टाच इतकी सुजली होती की जिन्यातच चप्पल काढली. वर मशीनवर नवा शिंपी बसला होता. शिंप्याला सगळे मास्तर म्हणत, म्हणून तोही मास्तर. वय तिशीच्या आतलंच. त्याने माझ्या पायाकडे पाहिलं, मग पॅन्टकडे, आणि कापडाचा ढीग सारून एक स्टूल पुढे केलं.

"बसा. वेळ लागेल."

"पाच मिनिटांचं तर काम आहे."

"दोऱ्याचा रंग जुळवायचाय. काळ्यातसुद्धा छटा असतात..."

मी बसले. डोळ्यांत पाणी आलं — दमल्यामुळेच, दुसरं काही नाही.

पुढे लक्षात आलं, वर गेलेली प्रत्येक जण पंधरा मिनिटांनीच खाली येते. मला, का कोण जाणे, ते थोडं मनाला लागलंच.

"सगळ्यांनाच बसवता वाटतं?" एकदा विचारलं.

"सगळ्यांनाच. पाय सगळ्यांचेच दुखतात." टीप मारता मारता तो थांबला. "पण दोरा फक्त तुमच्या वेळी तुटतो."

"मशीन जुनं झालंय तुमचं."

"मशीन चांगलं आहे हो..." मान खाली, कान लाल.

त्यानंतर वर जायला मला रोज काही ना काही निमित्त सापडू लागलं.

मग एका उकाड्याच्या दुपारी पडद्यांच्या काउंटरवरच्या मोठ्या ताई चक्कर येऊन पडल्या. पन्नाशी उलटलेली, वीस वर्षं त्याच जागी उभ्या. साहेब म्हणाले, "झेपत नसेल तर घरी बसा."

मी पोटमाळ्यावर जाऊन अर्ज लिहिला. प्रत्येक काउंटरमागे एक स्टूल हवं, गिऱ्हाईक नसताना बसू द्यावं; एवढंच. नोकरी गेली तर? घरात कमावणारी मी एकटीच.

मास्तरने कागद ओढून पहिली सही केली.

"तुम्हाला तर बसायला आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच. बसल्यावर किती बरं वाटतं, ते मला ठाऊक आहे."

बाराही जणींनी सह्या केल्या. साहेबांनी कागद खणात टाकला. पण त्याची दुसरी प्रत मी जपून ठेवली होती. मालकीणबाई दुकानात आल्या तेव्हा ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, मोठ्या ताईंकडे पाहिलं आणि निघून गेल्या. आठवड्याने सहा स्टुलं आली. बारा जणींत सहा. आम्ही पाळ्या लावल्या.

साहेबांनी राग काढला तो मास्तरवर. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गोदामात बदली, उद्यापासून. साधा निरोपही घेता आला नाही.

महिनाभराने, सुट्टीच्या दिवशी, दोन बस बदलून मी तिथे गेले. तो बाहेर आला. गाल बसलेले, केसांत कापूस.

"तुम्ही? एवढ्या लांब?"

मी त्याच्या केसांतला कापूस काढला. तो हललाच नाही.

"आईला तुमच्याबद्दल सांगितलं," मी म्हटलं. "मी तिला म्हणाले, माझ्यामुळे त्याची बदली झाली."

"सही माझी होती. तुमच्यामुळे कशी?"

"आईने विचारलं, तुला आवडतो का तो."

"मग?"

"म्हटलं, दमून घरी गेल्यावरसुद्धा ज्याच्याशी बोलावंसं वाटतं... असा तो एकच माणूस आहे."

तो रस्त्याकडे बघू लागला.

"मला नीट बोलता येत नाही," तो म्हणाला. "बदलीचं काही वाटलं नाही. उद्यापासून तू दिसणार नाहीस, याचं वाटलं."

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला होता. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

"काय म्हणालास?"

त्याने पुन्हा सांगितलं. या वेळी माझ्याकडे बघून.