मधली खाट

हॉस्पिटलच्या आमच्या खोलीत तीन खाटा. दाराजवळ मी, खिडकीशी आयव्ही आणि मध्ये मेविस. सकाळच्या चहाबरोबर मेविसचा फोन सुरू व्हायचा, तोही स्पीकरवर. तिच्या लेकीची भांडणं, जावयाची पाठदुखी, मोरकॅमला समुद्रकाठी ठेवलेल्या कॅरॅव्हॅनचं, त्या चाकांवरच्या घराचं, गळकं छप्पर, सगळं आम्हालाही ऐकावं लागायचं. फोन नसला की टीव्ही. टीव्ही नसला की वेफर्सची पाकिटं.

तोंडावर कुणी काही बोलायचं नाही, आमच्याकडे तशी पद्धतच नाही. "त्रास होत नाही ना गं?" असं तिनं विचारलं की मी म्हणायची, "छे छे, चालू दे तुझं." आणि मनातल्या मनात तिच्या फोनवर गरम चहा ओतायची.

पण मला आणि आयव्हीला गोंगाटाची सवय होती. नेल्सन गावच्या कापड गिरणीत आम्ही शेजारशेजारच्या मागांवर उभं आयुष्य काढलं. तिथल्या खडखडाटात स्वतःचा आवाजही ऐकू येत नसे, म्हणून बायका आवाज न काढताच बोलायच्या. तोंड मोठं उघडायचं, एकेक शब्द ओठांनी नीट घडवायचा, समोरची बघून ओळखायची. आमचे कान तिथंच गेले. आता मी कानातलं यंत्र काढून ठेवायची आणि मेविसच्या डोक्यावरून आमच्या गप्पा चालायच्या.

"हिचा जबडा दुखत नाही का गं?" मी ओठांनी विचारायची.

आयव्ही आधी खालचा ओठ चावायची. ही तिची जुनी खोड. "जावयाची पाठ हिच्यामुळेच धरलीय."

आयव्ही दिवसेंदिवस वाळत चालली होती. एका सकाळी तिचे ओठ सावकाश हलले. "एकटीनं जायची भीती वाटते गं."

माझ्या खुब्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, उठून तिच्यापाशी जाता येत नव्हतं. मी म्हटलं, "मी बघत राहीन. नजर काढणार नाही."

त्याच दुपारी मेविसच्या फोनवर ऊन आलं आणि तिनं तिच्या नि आयव्हीच्या खाटेमधला पडदा ओढला.

"मेविस, तेवढा पडदा उघडा ठेव गं."

"थांब हं जरा, उन्हात लेकीचं तोंड दिसत नाही मला."

ओरडायला हवं होतं. मी "बरं" म्हटलं.

फोन खूप वेळ चालला. मग नर्स मॅरिसेल पडद्यापलीकडे डोकावली आणि मागे फिरली. तिनं दारापासून सगळे पडदे ओढायला घेतले. "जरा वेळ हं, हिल्डा," ती म्हणाली. कुणी गेलं की सगळ्याच खाटांचे पडदे ओढतात, नेताना इतरांना दिसू नये म्हणून. विचारायचं नसतं. मासिक वाचतोय असं दाखवायचं असतं. ट्रॉलीची चाकं माझ्या पडद्याला घासून गेली.

पडदे उघडले तेव्हा खिडकीशी कोरी चादर होती आणि खिडकी थोडी उघडली होती. गेलेल्याला वाट मिळावी म्हणून नर्सा तसं करतात. मी टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडले.

"बिचारी," मेविस म्हणाली. "शेजारी असून मला कळलंसुद्धा नाही."

मी यंत्र काढलं.

दुसऱ्या दिवशी मेविस माझ्याकडे तोंड करून फोनवर बोलत होती. सवयीनं माझी नजर तिच्या ओठांवर गेली. तोंड जरुरीपेक्षा मोठं उघडत होतं. आधी तिनं खालचा ओठ चावला.

"हिल्डा. तू बघत नव्हतीस."

मी घाईघाईनं यंत्र घातलं. "...छपराला डांबर फासून घे म्हणावं, उगाच खर्च नको."

यंत्र काढलं.

"पडदा होता, ठाऊक आहे मला. पण तू बघत नव्हतीस."

"मेविस," मी विचारलं, "तू कधी गिरणीत होतीस का?" आणि उत्तरासाठी यंत्र घातलं.

"मी? अगं, आमचं चिप्सचं दुकान होतं. का गं?"

"सहज."

वेदनाशामक गोळ्यांचा परिणाम असेल म्हणून मॅरिसेलला सांगून गोळ्या कमी करवल्या. दुखणं वाढलं, आयव्ही तशीच बोलत राहिली. खरं सांगते, मला आनंद झाला. मी मेविसचा फोन कधी वाजतो याची वाट बघू लागले. तिला वाटलं मला तिच्या जावयात रस आला. तिनं वेफर्स पुढे केले. "उद्या घरी सोडतायत मला. चुकल्यासारखं वाटेल बघ तुला!"

दुपारचा चहा आला. तिनं लेकीला फोन लावला.

"अजून इथंच आहे मी," ओठ म्हणाले. "एकटीनं जमत नाही. तू येतेस, की हिला नेऊ?"

मेविसचे डोळे फोनकडे बघून हसत होते.

गिरणीत ऐकायचं नसेल तर नजर वळवायची. ते हो किंवा नाही असं उत्तर धरत नसत.

मी कपात बघितलं. चहा संपेपर्यंत मान वर केली नाही.

नजर उचलली तेव्हा मॅरिसेल दारापासून पडदे ओढत होती.

मी यंत्र घातलं.

"जरा वेळ हं, हिल्डा."

मधल्या खाटेवर पांघरुणात कुठंतरी फोन सुरूच राहिला होता. "मम्मी? ऐकतेयस ना? मम्मी?" लेक विचारत होती.

खिडकीची कडी वाजली.

बऱ्याच वेळानं मॅरिसेलनं माझा पडदा सारला आणि ती समोर येऊन उभी राहिली. तिचे ओठ दिसू नयेत म्हणून मी तिच्या बुटांकडे बघत राहिले.