चौथ्या मशीनचं टोकन

विश्वास ठेवा, नका ठेवू, हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या बाबतीत. एरवी थापा मारण्यात पटाईत माणूस, पण ही गोष्ट सांगताना त्याला घाम फुटतो.

रविवारची भर दुपार. विमा कंपनीचं रिकामं ऑफिस. कॉम्प्युटर तेव्हा नवे होते आणि हा दीडशहाणा त्यांचा इंजिनिअर. उथळ पाण्याला खळखळाट फार!

सहा मशीन वायरीने गोल जोडलेली. त्यांच्यात कुणी मुख्य नाही. एक टोकन फिरायचं, या मशीनकडून त्या मशीनकडे. ज्याच्याकडे टोकन, त्यानेच बोलायचं. बाकीचे गप्प.

चौथं मशीन टायपिस्टबाईंचं. बाई आठवड्यापूर्वीच वारल्या. जिवंत होत्या तेव्हा या गाढवाने त्यांचं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही.

त्याने बाईंचं मशीन काढून कोपऱ्यात टाकलं. तिसऱ्याची वायर थेट पाचव्याला जोडली.

"गेली एकदाची अडगळ!"

सुरू केलं...

टोकन एककडे. दोनकडे. तीनकडे.

मग स्क्रीनवर आलं... चार.

चार तर जमिनीवर पडलं होतं. वायरीविना.

मॅनेजर येऊन मागे उभे राहिले. "आज हे नेटवर्क चाललं नाही, तर उद्यापासून येऊ नका."

त्याने सगळ्या वायरी तपासल्या. पुन्हा सुरू केलं.

एक. दोन. तीन... चार.

टोकन तिथेच अडलं.

आणि बाईंच्या रिकाम्या टेबलावरून आवाज आला...

टक. टक. टक.

कुणीतरी टाइप करत होतं.

मॅनेजरांना काहीच ऐकू येत नव्हतं. "झालंय काय? बोला की!"

त्याने तोंड उघडलं. आवाजच फुटेना! जन्मभर टकळी चालवणारा माणूस नुसतेच ओठ हलवत होता.

"मूग गिळलेत का? नोकरी नकोय?"

टकटक थांबली...

कानाशी बाईंचा आवाज आला. अगदी शांत.

"माझं झालं, साहेब. बोला आता."

त्याचा आवाज फुटला. पण नोकरी वाचवायच्या ऐवजी शब्द काय निघाले?

"थँक्यू, बाई."

मॅनेजरांनी त्याला तिथल्या तिथे घरी पाठवलं. नेटवर्क मात्र त्याच क्षणी सुरू झालं. पाचव्याला टोकन मिळालं, सहाव्यालाही.

परवा आमच्याकडे जेवायला आला होता. बोलता बोलता मध्येच थांबला.

"दादा, काय झालं?" माझ्या बायकोने विचारलं.

त्याने फक्त शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

मी हसणार होतो...

पण मीही गप्प बसलो. तिकडचं बोलणं संपेपर्यंत.