कानटोपी घातलेली केळ

स्कॉटलंडच्या उत्तरेला, जिथे लोक भर उन्हाळ्यातही जाकीट घालून फिरतात, तिथल्या एका परसात दोन हिवाळ्यांत दोन केळी मेल्या. दोघींच्याही अंगात लोकरीचा स्वेटर होता आणि शेंड्यावर कानटोपी होती. मग त्या गारठल्याच कशा?

हे कोडं केतकीला सुटत नव्हतं आणि सोडवून द्यायला कुणी तयार नव्हतं. तिचे आजोबा, म्हणजे नाना, जन्मभर उष्णतेचा अभ्यास केलेले शास्त्रज्ञ. पण सरळ उत्तर देतील ते नाना कसले. विचारलं की म्हणायचे, "तुला काय वाटतं?" बागेत काम करणारा यंत्रमानव बंडू त्यांच्यावर ताण होता. केतकी सुतळी घेऊन केळीकडे निघाली की त्याची टकळी सुरू व्हायची. "सूचना. कानटोपीचा उपयोग नाही." का नाही, ते मात्र त्याला सांगता यायचं नाही. या दोघांनी मिळून केतकीच्या नाकी नऊ आणले होते.

आता तिसरी केळ उरली होती आणि ती शेवटची होती. आईच्या माहेरची, कोकणातली राजेळी केळ्यांची वाडी काही वर्षांपूर्वी वाढत्या समुद्राने गिळली. बुडण्याआधी आईने तिथून तीन मुनवे (केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिल्लं) आणले होते. हीही गेली, तर पुन्हा आणायला ती वाडीच राहिली नव्हती.

आणि आज रात्री दव गोठणार, असा हवामानाचा अंदाज होता.

दुपारी आई नवा, जाडजूड स्वेटर घेऊन आली. थोडी थंडी पडली की दिसेल त्याच्या डोक्यावर कानटोपी चढवायची, ही त्यांच्या घरची रीतच होती. "या खेपेला दुहेरी वीण घातलीय," ती म्हणाली.

"सूचना," बंडूने सुरू केलं.

"तू गप रे!" केतकी खेकसली. मग तिने नानांकडे मोर्चा वळवला. "नाना, मला काय वाटतं ते विचारू नका. मला काहीच वाटत नाही. केळ मरणार आहे आणि तुम्ही कोडी घालताय."

नानांनी पहिल्यांदाच हातातलं पुस्तक मिटलं. स्वयंपाकघरातून एक उकडलेला गरम बटाटा आणि एक कच्चा, गार बटाटा आणून दोन्ही एकेका पायमोज्यात घातले आणि परसातल्या कट्ट्यावर ठेवले.

"थांब थोडी."

केतकीला आता थांबायचाच कंटाळा आला होता, तरी ती थांबली. चहा झाल्यावर तिने दोन्ही मोज्यांत हात घातला. उकडलेला बटाटा अजून कोमट होता. कच्चा होता तसाच गार.

"मोज्याने या कच्च्याला ऊब दिलीच नाही," ती चिडूनच म्हणाली.

"मोजा ऊब देतच नाही. लोकर उष्णतारोधक (उष्णतेला सहजासहजी पार जाऊ न देणारी) असते. आतली ऊब ती फक्त राखते. तू स्वेटर घातलास की तुला उबदार वाटतं, कारण तू खाल्लेल्या अन्नातून तुझं अंगच ऊब तयार करतं. केळीच्या अंगात अशी चूल नाही."

केतकीने कपाळावर हात मारला. दोन वर्षं आपण गार बटाट्याला स्वेटर घालत होतो. "हे दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर?"

नाना ओशाळले. "चुकलंच माझं. पण मग ऊब आणायची कुठून, हे मात्र तू..."

"नाना!"

"बरं, सांगतो. बुंध्याशी माती उकर."

तिने हात घातला. वरची हवा बोचत होती, पण आतली माती तेवढी गार नव्हती.

"उन्हाळाभर जमिनीने उष्णता साठवलीय," नाना म्हणाले. "रात्री ती हळूहळू वर येते आणि मोकळ्या आभाळात निघून जाते."

"आणि आपण बुंध्याला सुतळी आवळून स्वेटर बांधायचो. म्हणजे जमिनीची ऊब बाहेरच्या बाहेर निघून जायची." केतकी उठली. "आई, ती जुनी गोधडी दे."

चार काठ्या रोवून तिने गोधडीचा तंबू केला. कडा जमिनीपर्यंत सोडून त्यांवर दगड ठेवले. तरीही तिचं समाधान होईना. राजेळी कोकणातली, तिला एवढी ऊब पुरणार होती का? तेवढ्यात बंडू म्हणाला, "सूचना. माझी चार्जिंगची वेळ झाली."

केतकीने त्याच्या पाठीला हात लावून पाहिलं. चार्ज होताना तो चांगला तापायचा.

"तू आत बस," ती म्हणाली.

त्या रात्रीच काय, सगळा हिवाळा बंडू तंबूत केळीला टेकून चार्ज झाला. एरवी डोकं उठवणारी त्याची बडबड आता केळीला ऐकावी लागली. दिवसा ऊन पडलं की जमीन पुन्हा तापावी म्हणून केतकी गोधडी वर करायची.

वसंतात तंबू निघाला तेव्हा कडेची पानं काळवंडली होती, पण बुंधा टणक होता आणि मधून नव्या पानाची हिरवी सुरळी वर येत होती. आईने तिला बोट लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. "गणपतीला या पानावर नैवेद्य दाखवू," ती म्हणाली.

नानांचे डोळे चमकले. "उद्या मंगळावर बाग लावायची झाली, तर हीच युक्ती..."

"नाना, आधी जेवून घ्या."

आई मात्र बंडूकडे बघत होती. तिने खिशातून कानटोपी काढली आणि त्याच्या डोक्यावर चढवली.

"सूचना," बंडू म्हणाला. "माझं डोकं तापतंय."

"तापणारच," केतकी म्हणाली. "तुझ्या अंगात चूल आहे."