चार बोटं रुंद कापड

सायखेड्याला मी गेलो तो फक्त एक बेस गिटार आणायला. भुताखेतांची मला काडीची आवड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या धंद्यात जिवंत माणसंच पुरेसं डोकं खातात.

इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटची मागची बेडरूम म्हणजे माझा स्टुडिओ. खिडकी विटांनी बुजवलेली, भिंतींना जाड गाद्या, एका दारामागे दुसरं दार. आत बसलं की बाहेरून गणपतीची मिरवणूक गेली तरी पत्ता लागत नाही. काम पुरं झालं तेव्हा आभा, माझी बायको, म्हणाली होती, "गौरांग, ही खोली आहे की तिजोरी?" मी म्हटलं, "काय म्हणायचं ते म्हण, पण दाराबाहेरचा लाल दिवा लागलेला असताना दार वाजवायचं नाही." एकदा तिने वाजवलं, तर मी असा काही खेकसलो की पुन्हा ती त्या दाराच्या वाटेला गेली नाही. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, शिस्त लागली.

तर काम असं होतं. पुण्याच्या एका गायिकेला तिच्या गाण्यांत साठ-पासष्ट सालचा बेस हवा होता. तो आवाज तुम्ही ऐकलाय, फक्त त्याच्याकडे लक्ष दिलेलं नाही. तो झणझणत नाही, रेंगाळत नाही. धुप् म्हणून येतो नि बसतो, तांदळाचं पोतं जमिनीवर ठेवावं तसा. त्यात जादू काही नाही. तेव्हाचे वादक वर्षानुवर्षं तारा बदलत नसत, आणि तारांचा रेंगाळणारा आवाज मारायला त्यांच्या बुडाशी स्पंज नाहीतर कापड कोंबत. मी सगळं करून पाहिलं. उशीतला स्पंज झाला, पायमोजे झाले, स्वयंपाकघरातला स्पंज झाला. "भांडी घासायची घासणीपण सोडली नाहीस?" आभा म्हणाली. आवाज काही केल्या येईना. महिना गेला, माझी चिडचिड वाढली.

मग एका जुन्या ढोलकीवाल्याने सावळीरामांचं नाव सांगितलं. सायखेड्याचे शेतकरी, पण तरुणपणी नाशिकच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. वर्षापूर्वी वारले होते. त्यांची बायको चंद्रभागाबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेली, पण नजर अजून तीक्ष्ण. मी कशाला आलोय ते ऐकून हसल्या.

"न्या की दादा. नुसती पडून हाय ती गिटारीची पेटी. मला त्यातलं काय बी कळत नाय. वाजवा आन् आनून द्या."

घरी येऊन पेटी उघडली. आत गिटार, तारा काळवंडलेल्या, आणि कोपऱ्यात पांढऱ्या सुती कापडाची एक पट्टी. धोतर फाडून काढलेली, चार बोटं रुंद, दोनेक हात लांब. मधोमध मऊ पडलेली, आणि टोकांना गाठ मारून सोडल्याच्या चुण्या. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हातारबुवा हेच तारांखाली घालत असणार. आणि मी बावळट महिनाभर स्पंज कापत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभा कॉलेजात शिकवायला गेली. अकराच्या सुमारास मी फोन बाहेरच्या टेबलावर ठेवला, कारण जुन्या बेसजवळ फोन असला की गुरगुर येते. आतल्या कॉम्प्युटरला मी इंटरनेट कधी जोडतच नाही. दोन्ही दारं लावली, लाल दिवा लावला, बेसची एक वायर थेट कॉम्प्युटरला जोडली आणि अॅम्पच्या स्पीकरसमोर माईकही ठेवला. कापडाची घडी करून तारांखाली सरकवली आणि अंगठ्याने एक सूर छेडला.

धुप्.

खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं. हाच तो! मी रेकॉर्डिंग सुरू करून वाजवायला लागलो. अर्ध्या गाण्यात हेडफोनमधली ठेक्याची टिकटिक बंद पडली. वायर सुटली असेल म्हणून हेडफोन काढला. तर एसीची घरघरही नव्हती. एसी चालू होता, गार हवा तोंडावर येत होती, पण आवाज नव्हता. पाय आपटला. आवाज नाही. खुर्ची मुद्दाम पाडली, ती आडवी झाली, आणि तरीही... काही नाही.

"अरे," मी म्हणायला गेलो. तोंडच उघडेना.

हनुवटीखालून वर कुणीतरी आवळत होतं. दोन्ही गालांवरून, कानांपुढून, थेट टाळूपर्यंत. मी हात लावून पाहिला. तिथे काहीच नव्हतं, माझीच कातडी होती. दातांवर दात घट्ट बसलेले. नाकाला ओल्या कापडाचा वास येत होता, आणि त्याच्याआड औषधांचा, बराच वेळ मिटून राहिलेल्या म्हाताऱ्या तोंडाचा.

दाराकडे धावलो. मूठ फिरली, दार हललं नाही. मुठींनी धडका दिल्या, लाथा मारल्या. हाताला लागत होतं, रक्त आलं, पण त्या धडकांचा आवाज मलाच येत नव्हता, तर बाहेर कुणाला येणार? देवा, मी इतका घाबरलो होतो की आईची आठवण काढून रडलो. रडण्याचाही आवाज नाही. स्क्रीनवरच्या घड्याळात साडेअकरा झाले, साडेबारा झाले. एक वाजता आभा येते. ती आली असणार. पर्स ठेवली असणार, लाल दिवा पाहिला असणार, आणि पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेली असणार. माझ्याच धाकाने. दारापलीकडे दहा पावलांवर माझी बायको होती, आणि मी कितीही धडका दिल्या तरी ती येणार नव्हती.

दीड. दोन. नाकाने श्वास पुरेना. भिंतीला पाठ लावून खाली बसलो. तेव्हा स्क्रीनकडे लक्ष गेलं. रेकॉर्डिंग चालूच होतं. बेसची रेघ सपाट होती, पण माईकची रेघ हलत होती... मी श्वास रोखला, अंगाची हालचाल थांबवली. रेघ हलतच राहिली. सावकाश वर यायची, थरथरायची, खाली बसायची. थोडं थांबून पुन्हा वर.

खोलीत माझ्याशिवाय कुणीतरी आवाज करत होतं.

कशी बुद्धी झाली कोण जाणे. सरपटत गेलो, गिटार मांडीवर घेतली आणि ते कापड ओढलं. निघेना. तारा सैल केल्या, पाय लावून ओढलं, तेव्हा ते एकदम हातात आलं. ते कोमट होतं. मधला मऊ भाग चिंब ओला होता, लाळेने व्हावा तसा.

त्याबरोबर एसीची घरघर कानांत घुसली. तोंड उघडलं आणि मी गुरासारखा ओरडलो. दार साध्या हाताने उघडलं. आभा जेवणाच्या टेबलाशी पेपर तपासत बसली होती.

"झालं का? मी जेवायची थांबलेय," ती म्हणाली आणि माझे हात पाहून उठलीच. "गौरांग! हे काय?"

रात्री तिला सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसेना, म्हणून माईकचं रेकॉर्डिंग लावलं. पावणेतीन तासांचं. माझी एकही धडक त्यात नव्हती. होता फक्त एका म्हाताऱ्याचा आवाज, तोंड घट्ट मिटलेल्या माणसाचा. तो कण्हत नव्हता. बोलत होता. शब्द तोंडाबाहेर पडत नव्हते इतकंच. आभाने माझा दंड धरला. "बंद कर... हा तू नाहीयेस."

सकाळी गिटार आणि कापड घेऊन सायखेड्याला गेलो. रागातच गेलो. "आजी, हे कापड कशाचं?"

त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि एकदम खाली बसल्या. "अगं बाई... ही त्या पेटीत कशी? नदीला सोडायची व्हती. पहाटं डॉक्टर येऊन 'गेले' म्हणले. मानसाचं तोंड उघडं ऱ्हाऊ नये म्हणून बांधत्यात ना, हनुवटीखालून डोक्यावर? मीच बांधली. पोरी सासरहून येईस्तवर दुपार झाली. आंघोळ घातली तवा सोडली, तोंडात तुळशीपान ठेवायला. गडबडीत कुनी टाकली पेटीत, देव जाणं."

माझ्या जिवावर बेतलं होतं, मला राहवलं नाही. मोबाइलमध्ये थोडा तुकडा घेऊन ठेवला होता, तो त्यांच्यापुढे लावला. लावला आणि लगेच पस्तावलो. म्हातारीच्या तोंडचं पाणी पळालं.

"असाच," त्या हळूच म्हणाल्या. "असाच आवाज येत व्हता, दुपारपत्तर. मी म्हणलं, अहो, हे कायतरी बोलत्यात. तर समदी म्हणली, पोटातला वारा असतो, व्हतं असं. मी बाईमानूस. चार लोकांपुढं काय बोलनार?"

"मग?"

"मग झाला बंद..."

ओट्यावर आम्ही दोघंच होतो. त्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, कानाला लावला, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बोला," त्या म्हणाल्या. "आता हितं कुनी नाय."

तो तुकडा अठरा सेकंदांचा होता. मीच कापून घेतला होता, मला माहीत आहे. चंद्रभागाबाई पाऊण तास ऐकत होत्या. मधेमधे हुंकार देत होत्या, एकदा "कवाची तहान?" असं विचारलं, आणि मग डोळे पुसत म्हणाल्या, "चुकलं माझं," आणि पुन्हा ऐकू लागल्या.